यूअनकाकांचं लाल मत

निवडणुका आल्या की माझं नाक दुखतं. हे वाक्य मी कुठे बोललो की लोक गंभीरपणे मान डोलावतात. त्यांना वाटतं, गडी राजकारणावर काहीतरी खोल बोलतोय. खोल वगैरे काही नाही. चष्मा टेकतो तिथलं हाड दोन उन्हाळ्यांपूर्वी एका स्कॉटिश म्हाताऱ्याने काठीने फोडलं आणि ते जरासं तिरकं सांधलं गेलं. गार वाऱ्यात ते ठणकतं. द हेगमध्ये गार वारा नसतो असे दिवस वर्षातून चार-पाच असतील, तरी मला ठणका जाणवतो तो निवडणुकीतच, त्याला मी काय करू?

परवा कालव्याकाठी पालिकेच्या माणसांनी पोस्टरांचा मोठा फलक आणून रोवला. मार्च चालू आहे. समुद्राकडून येणारा वारा ट्रामच्या तारा पिळतो, सायकलींच्या रांगा आडव्या पाडतो आणि त्या फलकाला दिवसभर लाथा घालतो. पोस्टरवरचे सगळे उमेदवार हसरे. तिसऱ्या दिवशी एकीची हनुवटी फाटून लोंबत होती, शेजारच्याचा डोळा निघून गेला होता, हसू मात्र दोघांचंही जागेवर. आमच्या गावाकडे विरोधी उमेदवाराचं तोंड सोलायला माणसं लावावी लागायची. इथे ते काम वाऱ्याकडे दिलेलं आहे.

मतदानाचं कार्डही दारातल्या फटीतून आत पडलंय. इथे पाच वर्षं राहिलं की पालिकेपुरता आपल्यालाही मताचा हक्क मिळतो, आणि कार्डाच्या मागे सही करून दिली की आपलं मत दुसरं कुणी टाकून येऊ शकतं. गेल्या दोन्ही वेळा मी सही करून कार्ड बायकोच्या हातात दिलं. सुजाताने ते कुणाला टाकलं हे मी विचारलेलं नाही. संसार टिकवायचा असतो. भारतातल्या मतदानाला तिकडे जावं लागतं. चौदा वर्षांत गेलो नाही. म्हणजे हिशेब सरळ आहे. माझ्या या दोन हातांनी गेल्या चौदा वर्षांत एकही मत टाकलेलं नाही, आणि याच हातांनी मी दुसऱ्याच्या मताची जी वाट लावली, ती तो उन्हाळा आठवला की अजून अंगावर येते.

यूअनकाका आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. वय ऐंशीच्या पुढे, खांदे दारात अडकतील इतके रुंद, आणि डाव्या कानाचा वरचा अर्धा भाग गायब. आयुष्य समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर गेलं, लग्न इथल्या बाईशी झालं, ती वारल्यावर ते एकटेच उरले. ‘काका’ हे सुजाताने लावलं. त्यांचं इंग्रजी कळायला मला दोन वर्षं लागली. कळू लागलं तेव्हा लक्षात आलं, हे तर आमच्या सोलापूरकडच्या खेड्यातलं बोलणं आहे, फक्त शब्द वेगळे आहेत. म्हणून त्यांचं बोलणं मी इथे गावच्या मराठीत लिहितो. पुस्तकी मराठीत लिहिलं तर ते खोटं होईल आणि त्यांनी ऐकलं तर पुन्हा मारतील.

त्यांच्याकडे शाळेच्या सहा वह्या होत्या. त्यात एका मतदारसंघाचा सगळा इतिहास होता, आजोबांच्या काळापासूनचा. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा मतदारसंघ. नाव सांगत नाही. तसंही ते तीनदा बदललंय, कारण दर थोड्या वर्षांनी कुणीतरी नकाशा घेऊन येतो आणि एखादं खोरं कापून शेजारच्या मतदारसंघाला देतो. पुढे बंदर, मागे बटाट्याची शेतं, त्यामागे मेंढ्यांचे डोंगर. पक्षांचीही नावं सांगत नाही, रंग सांगतो. बंदर लाल, शेतं निळी, आणि डोंगर कधी केशरी, कधी पिवळे, त्या वर्षी कुणावर चिडले असतील त्यावर.

प्रत्येक पानावर काकांनी रेघा मारून रकाने पाडले होते. साल, उमेदवार, रंग, मतं. आणि शेवटचा रकाना, सगळ्यात रुंद: मारामारी.

त्या रकान्यात हेरिंग मासे चिरणाऱ्या बायका होत्या. जमीनदाराचा पोरगा पिंपावर उभा राहून भाषण करायला लागला तेव्हा त्यांनी त्याला माशांच्या आतड्यांनी झोडपला, मग पिंपासकट बंदराच्या पाण्यात लोटला. तो बुडता बुडता वाचला.

“आनि निवडून आला,” काका म्हणाले.

“कसा काय?”

“त्या बायांना मत कुठं हुतं तवा? आतडी हुती, ती मारली.”

पुढच्या वहीत एका कुळाने खिडकीत लाल कागद लावला म्हणून त्याच्या गवताची गंजी पेटवलेली होती. त्यात एक घोडा जळाला. काकांच्या बापाने भर चौकात निळ्यांच्या एका माणसाच्या गुडघ्यावर वल्हं हाणलं होतं. तो माणूस जन्मभर लंगडला आणि जन्मभर निळ्यांनाच मत देत राहिला. वाचता वाचता मला घरच्यासारखं वाटायला लागलं.

मी संगणकवाला. काकांना म्हटलं, द्या वह्या, सगळं एका तक्त्यात भरून देतो. महिनाभर बसून भरलं. मग सालांप्रमाणे लावावं म्हणून सालांचा रकाना निवडला आणि बटण दाबलं. फक्त सालांचा. बाकीचे रकाने होते तिथेच राहिले. हरलेले जिंकले, जिंकलेल्यांच्या मारामाऱ्या भलत्यांच्या अंगावर गेल्या, आणि काकांच्या आजोबांचे पडलेले दात अशा एका उमेदवाराच्या सभेत जाऊन पडले जो तेव्हा जन्मलाही नव्हता. वीस वर्षं मी याच कामाचा पगार घेतो. काकांनी पडद्याकडे पाहिलं, काठी उचलली आणि माझ्या बोटांच्या पेरांवर हाणली. पहिला मार तो.

कानाची गोष्ट त्यानंतर कळली. चौथ्या वहीतली. काका तिशीच्या आतले, आणि त्यांचा दोन वर्षांनी धाकटा भाऊ कॅलम. एकाच घरात वाढलेले, एकाच होडीवर काम करणारे. काका बापासारखे लाल. कॅलमने शेतकऱ्याची मुलगी केली आणि सासऱ्याबरोबर निळा झाला. मतदानाच्या दिवशी दोघं शाळेच्या फाटकाशी आपापल्या पाट्या घेऊन समोरासमोर उभे. आधी टोमणे, मग बापाचा उद्धार, मग पाट्या. कॅलमच्या पाटीला खिळा निसटलेला होता. त्याने कान अर्धा नेला. काकांनी एका हाताने कान दाबला आणि दुसऱ्या हाताने शाळेचं लोखंडी फाटक भावाच्या बोटांवर आपटलं. दोन बोटं मोडली. मतदानाला आलेली माणसं दोघांच्या मधून, रक्त चुकवत, आत जात होती.

“मत टाकलं का मग तुम्ही?” मी विचारलं.

“टाकलं की. रगत गळत हुतं कागदावर. बाद केलं त्यांनी.”

महिन्याभरात त्यांनी गाव सोडलं ते कायमचं. कॅलमकडून दर नाताळला एक कार्ड येतं. आत फक्त नाव, दुसरं अक्षर नाही. काकांनी एकालाही उत्तर दिलेलं नाही, पण सगळी कार्डं स्वयंपाकघरातल्या खणात ठेवलीत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “पुरावा.”

इथे मला आमच्या आबांचं सांगायला हवं, म्हणजे माझ्या वडिलांचं. नाहीतर पुढचा गाढवपणा मी नुसत्या मूर्खपणातून केला असं वाटेल. तो मी घरच्या संस्कारातून केला.

आमची वस्ती ओढ्याच्या अलीकडे, मतदानाची शाळा पलीकडे. मी सात-आठ वर्षांचा असेन. ओढ्यात दहा-बारा जण उभे होते, हातात कुऱ्हाडीचे दांडे. आमच्या लोकांना सांगत होते, “तुमची मतं पडली. माघारी जावा.” बायका मागे वळल्या. आबा म्हणाले, “पडली कशी? मी तर अजून टाकलं नाही.” दांडा डोक्यात बसला तो आवाज मी काठावरून ऐकला, नारळ फोडतात तसा, पण ओला. आबा पाण्यात बसले. पाणी लाल होऊन खाली वाहत गेलं. तेवढ्यात वस्तीतून तात्या धावत आले. तात्या म्हणजे माझे चुलते; मधल्या भिंतीवरून आबांशी तीन वर्षं अबोला होता. त्यांनी दोन-तीन दांडे पाठीवर घेतले, आबांना खांद्यावर टाकलं आणि तसेच शाळेत नेलं. साहेबाला शाई लावायला बोट सापडेना, सगळा हात रक्ताने भरलेला. तात्यांनी ते बोट स्वतःच्या धोतराला पुसलं आणि पुढे धरलं. आबांचं मत पडलं.

घरी आल्यावर दोघं पुन्हा बोलत नव्हते. आणखी दोन वर्षं.

तर माझ्या डोक्यात हे पक्कं बसलेलं. भाऊ भांडतो, भिंत घालतो, कोर्टात जातो. पण मताच्या दिवशी तोच खांद्यावर घेतो.

त्या उन्हाळ्याआधी त्यांच्याकडचा कायदा बदलला आणि परदेशात कितीही वर्षं राहिलेल्यांना शेवटच्या पत्त्यावरचं मत परत मिळालं. काकांना ते कळलं त्या दिवशी ते जिना चढून वर आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. धापा टाकत म्हणाले, “मागलं बाद झालं हुतं. आता येक टाकून मरतो.” हृदय अर्धंच चालत होतं. पुढच्या निवडणुकीपर्यंत ते टिकतील असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं.

टपालाने मतपत्रिका मागवली तर ती वेळेत परत पोचेल याची खात्री नाही. मग राहिला एक उपाय, इथल्यासारखाच: गावातल्या कुणाला तरी आपल्या वतीने मत टाकायला नेमायचं. फॉर्म माझ्या लॅपटॉपवर भरायला घेतला. काकांनी कागदावर सही करून दिली, मी तिचा फोटो चढवला. नेमायचं होतं त्यांच्या शाळेतल्या एका जुन्या मित्राला, पण त्याचा पत्ता सापडत नव्हता. शेवटच्या दिवशी काका म्हणाले, “दवाखान्यात छाती तपासून येतो. येताना चार फोन करून पत्ता मिळवून आनतो.” मुदत पाचपर्यंत, तिकडचे पाच म्हणजे इथले सहा.

चार वाजले. पाच वाजले. दवाखान्यात त्यांना ठेवून घेतलं होतं आणि त्यांचा फोन बंद. मी त्यांच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर. जूनचं ऊन टेबलावर. फॉर्मला नाव हवं होतं. साडेपाचला मी खण उघडला. सगळ्यात वरच्या कार्डाच्या पाकिटावर कॅलमचा पत्ता: दोघं वाढले तेच घर, तेच आडनाव.

सख्खा भाऊ असताना परका कशाला, असा विचार माझ्या मनात आला. खरं तर विचार असा आलाच नाही, हात चालले. फॉर्ममध्ये पुढे विचारलं होतं, ‘तुमचं नातं काय?’ मी लिहिलं, भाऊ. लिहिताना छाती भरून आली. पाठवून दिलं, स्वतःसाठी चहा केला, आणि आपल्या हातून दोन भाऊ एकत्र आले म्हणून डोळ्यांत पाणी वगैरे आणलं.

वर जाऊन घरी सांगितलं. आमची ईशा, वय चौदा, मराठी सगळं समजतं आणि उत्तर कधीच मराठीत देत नाही. ती म्हणाली, “पप्पा, यू लिटरली गेव्ह हिज व्होट टू द एनिमी.”

सुजाता पोळी लाटता लाटता थांबली. “लोकांचे भाऊ जोडायला निघालायत. स्वतःच्या भावाला दिवाळीचा फोन मी लावून देते तेव्हा बोलता!”

दुसऱ्या दिवशी काका घरी आले. मी हसतमुखाने सांगितलं. त्यांनी विचारलं, “बदलता येतंय?” मी म्हटलं, मुदत संपली. मग मला फक्त काठीची मूठ दिसली, आणि तीही फार जवळून. पडताना मी टेबलक्लॉथ धरला, त्याबरोबर चहाची किटली आली, वह्या आल्या. माझं रक्त पाचव्या वहीवर पडलं. काका माझ्या उरावर गुडघा ठेवून ओरडत होते, “पन्नास वर्सं! पन्नास वर्सं वाट बघितली आनि तू त्येच्या हातात दिलंस!” आणि मारता मारता त्यांचाच श्वास संपला, तेव्हा मला उठून त्यांना पाणी द्यावं लागलं. खालच्या जिन्यावर शेजारीण विचारत होती, पोलिसांना बोलावू का. मी नाक धरून सांगितलं, नको, घरगुती आहे.

डॉक्टरीणबाईंनी नाक बघून पॅरासिटामॉल दिली. इथे पाय तुटला तरी आधी तीच देतात.

मतदानाच्या तीन-चार दिवस आधी काकांनी मला खाली बोलावलं. मी दारातूनच विचारलं, काठी कुठे आहे? ती त्यांनी लांब ठेवली होती. म्हणाले, “फोन लाव त्याला.” मी पत्त्यावरून नंबर शोधला, लावला आणि दोघांच्या मधे टेबलावर ठेवला.

“कोन?” पलीकडून.

“मी हाय.”

मागे समुद्रपक्ष्यांची ओरड. मग, “मेला न्हाईस अजून?”

“तुज्या आदी? न्हाई.”

“कागद आलाय सरकारी. तुजं मत मी टाकायचं म्हनत्यात. मला वाटलं, कुनीतरी चेष्टा केली.”

“चेष्टाच हाय. येका गाढवानं केली.” गाढवाने खाली मान घातली.

“मग? काय करू म्हनतोस?”

काकांच्या कपाळाची शीर तटतटली होती. “लाल.”

“ह्या हातानं लाल टाकू? मोडलेल्या हातानं?”

“त्याच हातानं. न्हायतर येऊन दुसराबी मोडतो.”

“ये की. वाट बगतोय.” आणि फोन ठेवला.

मतदानाच्या दिवशी दुपारी एक निरोप आला, एका शब्दाचा. टाकलं.

दुसऱ्या सकाळी निकाल लागला. कित्येक वर्षांनी तो मतदारसंघ लाल झाला होता, चांगल्या फरकाने. मी इथली पाक भरलेली बिस्किटं, स्ट्रूपवाफल, घेऊन खाली धावलो. काका खिडकीशी पाठ करून बसलेले.

“काका, जिंकलात!”

“मी जिंकलो? का माज्याबिगर जिंकले?”

मतपेटीत नाव नसतं. जगातला कुठलाही रकाना, मी किंवा माझ्याहून शहाण्याने कसाही लावला तरी, कॅलमच्या हाताने कुठे फुली मारली ते सांगू शकत नाही. काकांनी सहावी वही उघडली, निकाल लिहिला आणि पेन शेवटच्या रकान्यावर धरून तासभर बसले. तिथे काहीच लिहिलं नाही. नंतर उन्हाळाभर ते तसेच. जेवण कमी, शिव्या बंद. शिव्या बंद झाल्या तेव्हा आम्ही घाबरलो. सुजाता वरण-भात घेऊन जायची, तर तिला विचारायचे, “पोरी, तुला काय वाटतं? त्यानं लाल टाकलं असंल?” ती म्हणायची, “टाकलं असेल काका, भाऊच ना.” मग माझ्याकडे बघून दात ओठ खायची.

ऑक्टोबरात एका दुपारी आमची बेल वाजली. दारात काकांसारखेच खांदे, दोन्ही कान शाबूत, आणि टोपी धरलेल्या हाताची दोन बोटं वाकडी. वादळात बोटीने आला होता, अंगावर ओकारीचा वास. चुकून वरची बेल दाबलेली. म्हणाला, “मी कॅलम. कुठं ऱ्हातोय तो?”

मी त्याला खाली नेलं. दार उघडलं. समोर काका. मीच मूर्खासारखा ‘चहा ठेवू का?’ म्हणालो. काकांनी काठी उचलली आणि भावाच्या खांद्यावर घातली. कॅलमने टोपीने त्यांच्या तोंडावर सटासट हाणलं. खुर्ची पडली. आरसा फुटला. दोघांची मिळून एकशे साठच्या पुढे वर्षं, गुरांसारखी टक्कर देत भिंतीपर्यंत गेली. मी मधे शिरलो तर दोघांनीही मला मारलं. त्या बाबतीत त्यांचं लगेच एकमत झालं.

“लाल टाकलंस का?” काकांनी त्याची कॉलर धरली. “माज्या डोळ्यांत बग. टाकलंस का?”

“टाकलं म्हनून सांगितलं न्हवं!”

“टाकलं आसशील. आनि लगेच त्येच्यावर तुजं निळं टाकून माजं मारलं आसशील!”

कॅलम धापा टाकत होता. ओठ फुटला होता. “न्हाई.”

“काय न्हाई?”

“माजं टाकलंच न्हाई. तुजं येकट्याचं टाकलं आनि घरी आलो.”

काकांचं तोंड हळूहळू लाल होत गेलं. मला वाटलं, आता गळ्यात पडतील. मी खिशात रुमालही चाचपला.

“टाकलं न्हाईस?” काका म्हणाले. “मत वाया घालवलंस? आरं भडव्या, मत वाया घालवलंस?” आणि त्यांनी काठी फेकून दिली आणि नुसत्या मुठींनी त्याला बडवायला लागले, छातीवर, खांद्यावर, तोंडावर, रडत, शिव्या देत, श्वास पुरेना तरी. कॅलम भिंतीला टेकून उभा होता. हात खाली सोडलेले. एकही ठोसा तो चुकवत नव्हता.